डावा अंगठा

उजव्या हाताची बोटं मशीनमध्ये सापडली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मॅनेजर फळं घेऊन दवाखान्यात आला, तेव्हाच मावशींना वाटलं, पाणी कुठंतरी मुरतंय. नऊ वर्षांत ज्यानं साधं “बऱ्या आहात ना?” विचारलं नव्हतं, तो आज उशी नीट करत होता. “मावशी, विम्याचा फॉर्म आणलाय. उपचार फुकट होतील. फक्त अंगठा उठवा.” शाईचं पॅडही त्यानं उघडून धरलं. कारखान्यात हजेरीपत्रकाजवळ पेन कधीच नसायचं, म्हणून सगळ्याजणी अंगठाच उठवायच्या. त्यावरून हा त्यांना अडाणी समजायचा. मावशींनी कागद जवळ ओढून वाचला. कामावर लागल्याची तारीख परवाची होती. म्हणजे आजवर विमा उतरवलाच नव्हता! “डावा अंगठा चालेल?” त्यांनी विचारलं. “पळेल की!” मॅनेजर म्हणाला. मावशींनी अंगठा शाईत न बुडवता त्याच्या नाकासमोर नाचवला. “आता पेन द्या, डाव्या हातानंही लिहिता येतं मला. तारीख नऊ वर्षांनी चुकलीय.”