याद्यांमधली तेवीस गुणसूत्रं

घराण्याचा वारसा अखंड पुढे गेला पाहिजे, यावर विश्वंभरराव पागनीस ठाम होते. मुलाच्या लग्नाच्या याद्या करायला दोन्हीकडची मंडळी जमली, तेव्हा मानपान आटोपल्यावर त्यांनी सांगितलं, "आता बाळाचं लिहा. गुणसूत्रं आमच्या मुलाची, शेहेचाळीस."

"शेहेचाळीस अंगातल्या पेशीत असतात," बाळाची गुणसूत्रं निवडून देणाऱ्या केंद्रातून याद्यांसाठी आलेल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "शुक्राणू होताना जोड्या सुटतात, प्रत्येकीतलं एकच जातं. बाकीची तेवीस सूनबाईंची."

विश्वंभरराव हादरले. "निम्मीच? बरं. पण जोडीतलं कुठलं, ते हल्ली आपण निवडायचं ना? मग तेवीसच्या तेवीस माझ्याकडून आलेली लिहा. हिच्या माहेरी दमा आहे."

ही म्हणजे मुलाची आई, शालनताई. त्यांच्या हातातलं बर्फीचं ताट तिरपं झालं.

"अहो, म्हणजे नातवंडाची मी कोणीच नाही?"

वधूपित्याचा घास तोंडातच राहिला.

"आम्हाला मुलगी हवीय," नवरी गार्गी म्हणाली.

डॉक्टरबाईंनी यादीत खाडाखोड केली. "मग एक तरी सासूबाईंचंच. मुलीला बापाचं एक्स गुणसूत्र लागतं, आणि पुरुषाला एक्स फक्त आईकडून मिळतं."