खुणेचा शब्द

घ्यायला आलेल्या माणसाने खुणेचा शब्द सांगितला, तरच त्याच्याबरोबर जायचं, असं मी लेकीला पढवून ठेवलं होतं. शब्द होता ‘गोगलगाय’. तो आम्हा तिघांनाच ठाऊक होता.

सोमवारी जेवताना ती म्हणाली, “शाळेच्या फाटकापाशी एक काका म्हणाले, गोगलगाय.”

माझा घास हातातच राहिला. “तू गेली नाहीस ना?”

“तेवढ्यात आपली व्हॅन आली ना!”

“हिनेच सांगितलं असेल मैत्रिणींना,” नवरा म्हणाला. “पोटात काही राहतं का हिच्या?”

शाळेच्या कॅमेऱ्यात ती एकटीच दिसली, मान वर करून बोलताना.

मी शब्द बदलला आणि तो फक्त तिच्या कानात सांगितला. दुसऱ्या दिवशी काकांना तोही ठाऊक होता.

मी काम करते त्या प्रयोगशाळेत आम्ही शंकेची कारणं एकेक करून बाजूला काढतो. तिसरा शब्द मी नुसता मनात ठरवला. कुणाला सांगितला नाही, लिहिलासुद्धा नाही. रजा टाकली, तिला घरीच ठेवलं आणि दाराची वरची कडी लावली. तिचा हात तिथवर पोचत नाही.

दुपारी मी भांडी घासत होते.

“आई,” ती दारापाशी उभी राहून म्हणाली, “काका म्हणतात, नवा शब्द ‘परागकण’. बरोबर आहे का? मग जाऊ मी?”

“चूक!” मी ओरडले. “साफ चूक आहे!”

तिने दाराला कान लावला.

“काका म्हणतात, आई खोटं बोलते.”

आणि वरची कडी सरकली.