शेपटीवालं पिल्लू

शालन गव्हाणे मेंढ्या राखणारी कुत्री वाढवायची आणि घर पारखूनच पिल्लू द्यायची.

"दिवसभर घरी कोण असतं?" एक पिल्लू हातात घेऊन तिनं पुण्याहून आलेल्या जोडप्याला विचारलं.

"कोणी नाही. पण बाल्कनी मोठी आहे," नवरा म्हणाला.

"याला रोज दोन तास पळवावं लागतं."

"ट्रेडमिल आहे की!" बायको हसली.

शालनच्या कपाळाला आठी पडली. असल्याच एका फ्लॅटमधून परत आलेली कुत्री तिनं पुढे आणली. दिवसदिवस कोंडून ठेवल्यामुळे त्या बिचारीनं स्वतःची शेपटी चावून चावून तोडली होती.

बायकोनं नाक मुरडलं. "शी! आम्हाला शेपटीवालंच द्या."

शालननं हातातलं पिल्लू खाली सोडलं आणि फाटक उघडलं.

"निघा. तुमच्या हाती मी खेळण्यातलं कुत्रंसुद्धा देणार नाही."