डालग्याखालचं कोकरू

बनुबाईनं कोकरू डालग्याखाली कोंबलं, वर घोंगडी टाकली, तोवर रंभाजीआबा मेंढ्यांच्या वाड्याशी येऊन ठेपले. सासऱ्याचे जुने सोबती. पाठीवर बाभळीच्या शेंगांचं गाठोडं, मेंढरांच्या चाऱ्याला.

हितं पाव्हना आला की कोकरू कापायची रीत. सासऱ्यापासनं चालत आल्याली. पन बाहत्तरच्या दुष्काळानं तीस मेंढ्यांच्या नऊ केल्या. नर ह्यो एकच उरल्याला. ह्यो गेला तर कळपाला मेंढा कुठनं आनायचा? नवरा गहिनीनाथ रीतीपुढं कायबी बघायचा न्हाई. म्हनून आबांचा सांगावा आला तवाच तिनं दम भरला हुता, "सुरी काढलीस तर म्या माहेरी."

"औंदा कोकरं किती, पोरी?" टेकता टेकता आबांनी इचारलं.

"लांडग्यानं नेली." ती चुलीकडं तोंड करून पुटपुटली. कान तापलं तिचं.

"असू दे. जितराब हाय, चालायचंच."

तिनं आबांस्नी आन् गहिनीनाथला रेशनच्या मिलोची तांबडी भाकरी वाढली, वर ठेचा. आबांनी पहिला घास मोडला आन् डालग्याखाली कोकरू वरडलं. चांगलं दोनदा.

गहिनीनाथचा हात थाळीतच थांबला. मान खाली गेली ती वर येईना. आबा चावत राह्यले. मग कानामागं हात धरून म्हनले, "काय म्हनलास रं गहिनी? मोठ्यानं बोल. कान गेल्यात माजं."

बनुबाईचा जीव भांड्यात पडला. आन् जीभ सुटली.

"तोंडात दात न्हाईत आन् मटनासाठी शेवगावावरनं पायपीट!" दुसरी भाकरी वाढता वाढता ती ग्वाड हसून म्हनली.

"गप गं," गहिनीनाथ म्हनला. पन त्यालाबी हसू आलं. आबाबी हसले.

काट्यांच्या कुपाटीशी एक मेंढी मघापासनं वरडत हुती. तिच्याकडं कुनी बघितलं न्हाई.

आबांनी हात धुतले. शेंगांचं गाठोडं उचलून डालग्याला लागून ठिवलं. पायतानं घातली, काठी घेतली, "येतो" म्हनले आन् निघाले. दोघं नवरा-बायकू मोठमोठ्यानं "या, आबा, या!" करत उभी.

धा पावलांवर आबा थांबले. माघारी वळले न्हाईत.

"पोरी, डालगं उचल आता. त्याची माय कवापासनं हाका मारतीया."