काठोकाठ

"लस टोचली की पोर वांझ होते. मग कोण पत्करेल तिला?" साइराखान कडाडल्या.

"आपा, गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून तुमच्या मेरीमला हीच लस वाचवेल," नर्स जिबेक म्हणाली.

"तो रोग बदफैली बायकांना होतो. हिची आई त्यानेच गेली ना!" त्यांनी सुनेकडे बोट केले. "माझी नात आमच्या रक्ताची आहे. सूनबाई, या नर्सला चहा पाज आणि वाटेला लाव."

सासूसमोर कधीही न बोललेली नुरझात चहाच्या समोवारापाशी बसली. नर्सच्या वाडग्यात तिने दोनच घोट ओतले, पुन्हा पुन्हा वाढता यावेत म्हणून. सासूचा मात्र काठोकाठ भरला. आमच्या नारीनमध्ये नकोशा पाहुण्याला ‘आता उठा’ हे असेच सांगतात.

मग तिने शेजारी बसलेल्या मेरीमची बाही नर्ससमोर वर सारली.