काकांनी बघितलेली गाडी

उल्हासने मागच्या दाराच्या चौकटीचं रबर थोडंसं उचकटलं आणि त्याचा हात तिथेच थांबला.

रबराखाली पत्र्याचा सांधा होता. कंपनीतून निघालेल्या गाडीला तिथे सारख्या अंतरावर वेल्डिंगचे गोल ठिपके असतात. इथे हाताने ओढलेली ओबडधोबड रेघ होती आणि तिच्यावर पांढरा रंग थापलेला होता. त्याने दुसऱ्या बाजूचं रबर काढून पाहिलं. तिथेही तेच. मग पायाखालचं मॅटिंग उचललं. रेघ या दारापासून त्या दारापर्यंत आडवी गेली होती. म्हणजे पुढचा भाग एका गाडीचा, मागचा भंगारातल्या दुसऱ्याच गाडीचा, आणि दोन्ही मधोमध जोडलेले. अशी गाडी जोराच्या धडकेत कुठून तुटते, हे सरकारी वर्कशॉपात इंजिनिअर म्हणून हयात काढलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

"बिल्कुल आरामात बघा, उल्हासराव," भाऊसाहेब मागून म्हणाले. "घाई नाही. घरचाच मामला आहे."

घरचाच होता, तीच तर पंचाईत होती. गाडी भाऊसाहेबांची, घेणारा उल्हासचा बार्शीचा पुतण्या समर्थ, आणि भाऊसाहेबांचा मुलगा हेरंब हा उल्हासचा होणारा जावई. येत्या रविवारी इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये अक्षताचा साखरपुडा होता. गाझियाबादेत वाढलेली, तिशी ओलांडलेली मुलगी. पुण्याकडची स्थळं 'दिल्लीची मुलगी' म्हणून पत्रिका परत करायची, आणि इथली मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी. उल्हास आणि त्याची बायको हेमलता कित्येक वर्षं ती बोटंच मोजत बसले होते. भाऊसाहेबांचा होकार आला त्या दिवशी हेमलता देवापुढे बसून रडली.

दहा वर्षांपुढची डिझेल गाडी दिल्लीत चालवायला बंदी, म्हणून दहा वर्षं भरत आली की ती दिल्लीबाहेर विकून टाकायची, ही इथली रीतच. "तुमच्या पुतण्याला गाडी हवीय ना? आमची देऊन टाकू," असं भाऊसाहेबच म्हणाले होते. समर्थ आधी गाडी तपासून देणारा माणूस पाठवणार होता. मग त्याचा त्यालाच संकोच वाटला. काका तिथे असताना परका माणूस कशाला?

उल्हास गुडघे झटकत उभा राहिला. "भाऊसाहेब, ही कुठे ठोकली होती का?"

"दिल्लीत चालवायची म्हणजे थोडंफार लागतंच, यार. तुम्हाला काय सांगायचं?" भाऊसाहेब किंचित हसले. "का? काही प्रॉब्लेम आहे?"

आता मुलीचा बाप काय बोलणार? साखरपुडा तोंडावर असताना मुलाच्या बापाला त्याच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोटं पाडणार? घरी जाऊन समर्थला गुपचूप फोन करावा, असंही उल्हासच्या मनात येऊन गेलं. पण समर्थ मागे हटला तर कुणाच्या सांगण्यावरून हटला, हे भाऊसाहेबांना न सांगता कळलं असतं. उल्हासला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटली.

"नाही, नाही. सहज विचारलं," तो म्हणाला.

तेवढ्यात समर्थचा व्हिडिओ कॉल आला. स्क्रीनवर सगळं घरच दाटीवाटीने बसलेलं होतं. समर्थ, त्याची बायको राधा, तिच्या मांडीवर मुलगा, आणि मागे द्वारकावहिनी, समर्थची आई. त्यांच्या दंडाला डायलिसिसची पट्टी होती. आठवड्यातून दोनदा त्यांना सोलापूरला न्यावं लागायचं, गाडी त्यासाठीच हवी होती.

"काका, बघितली? दाखवा ना."

उल्हासने फोन फिरवून गाडी पुढून दाखवली, बाजूने दाखवली. दारं त्याने आधीच लावून टाकली होती.

"इंजिन कसंय?"

"इंजिन उत्तम आहे." हे खरं होतं.

"आणि बाकी?"

भाऊसाहेब खांबाला टेकून मोबाईल बघत उभे होते. त्यांचं बोट मात्र हलत नव्हतं.

"बाकी ठीक आहे," उल्हास म्हणाला. "जुन्या गाडीत असायचं तेवढं."

वहिनी पुढे सरकल्या. "भावजी, तुम्ही हात लावून बघितली ना? मग आमचं काही विचारणं नाही."

समर्थ खूश झाला. विसार आत्ताच पाठवतो म्हणाला. साखरपुड्याला राधा आणि मुलाला घेऊनच येतो, मुलाने दिल्ली पाहिलेली नाही, आणि परतताना गाडीतूनच जाऊ, तिकिटाची कटकट नको.

"हायवेला हळू चालव," उल्हास म्हणाला. एवढंच त्याला बोलता आलं.

"काका, आता काय, नवी सवारी," समर्थ हसला आणि फोन ठेवला.

भाऊसाहेबांनी मोबाईल खिशात टाकला. जवळ येऊन त्यांनी उल्हासच्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ठेवला.

"एक सांगतो, उल्हासराव," ते हळू आवाजात म्हणाले. "मनात काही ठेवू नका. अक्षताला या गाडीत कधी बसवायचं नाही, हे मी हेरंबला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं."

"बरं केलंत," उल्हास म्हणाला, आणि त्याला खरंच हायसं वाटलं.