सनईची शीळ

नाटकाची रंगीत तालीम तोंडावर आली होती. संगीतकार मृण्मयी घोरपडेने सिंथेसायझरवर मिरजेच्या इस्माईलचाचांची सनई निवडली. त्यात साठवलेला प्रत्येक आवाज वादकाच्या शरीराशी जोडलेला असे. वादकाला काही झालं की आवाजही बदले.

आज सनई थरथरली, मध्येच शीळ घालू लागली.  मृण्मयीने मिरजेला फोन लावला.

“चाचा, बरे आहात ना? सनई कापतेय तुमची!”

चाचा खदखदून हसले. “अगं, नवी कवळी बसवलीय. सैल आहे, फुंकलं की शिट्टी वाजते! उद्या घट्ट करून घेतो.”

मृण्मयीचा जीव भांड्यात पडला. तिने तीच सनई नवरदेवाच्या प्रवेशाला लावून पाहिली, तर सगळी मंडळी पोट धरून हसू लागली.

तिने पुन्हा फोन केला. “चाचा, प्रयोग होईपर्यंत कवळीला हात लावायचा नाही!”